भाचीला भूजलशास्त्रात करिअर करायचंय. पोटापाण्याचं काय?

तिसरा मामा
नमस्कार मंडळी. भाची नाशिकला बी.एस्सी. करतेय, भूविज्ञान घेऊन, शेवटचं वर्ष. आता म्हणते एम.एस्सी. करून हायड्रोजिऑलॉजिस्ट व्हायचं. त्यावरून घरात खडाजंगी. मेहुण्यांचं म्हणणं, "बँकेच्या परीक्षा दे, नाहीतर बी.एड. कर. दगडं बघून कुणाचं पोट भरलंय?" बहीण मध्ये सापडलीय, आणि फोन मला, कारण घरात नेटवर पडीक असणारा मी एकटाच.

मेहुण्यांच्या रागालाही कारण आहे. सिन्नर तालुक्यात त्यांची जमीन. गेल्या मे महिन्यात दोन बोअर घेतले, एक ४८० फूट, दुसरा ६००. दोन्हींतून नुसता फुफाटा. सव्वा लाख रुपये धुळीला मिळाले, अक्षरशः. जागा पानाड्याने (नारळ-काठी घेऊन पाणी सांगणारा) दाखवली होती. भाची सांगत होती की टेकाडाच्या अंगाला घेऊ नका, ओढ्याच्या बाजूला बघू. ऐकतंय कोण! आता तिचं बरोबर निघालं, ह्याचाच जास्त राग आहे असं माझं मत.

तर विचारायचं हे की या विषयात नोकऱ्या असतात का, कुठे, पगार काय, मुलीला फिरतीचं काम झेपतं का (हा प्रश्न मेहुण्यांचा आहे, माझ्या अंगावर येऊ नका) आणि मुळात या शास्त्राला पाणी सांगता येतं का? जाणकारांनी प्रकाश टाकावा.

लिंबूटिंबू
प्रकाश कशाला, पाणी टाका.

रिगवाले अण्णा
बोअरच्या गाडीचं एजंटचं काम करतो, बावीस वर्षं झाली. गाड्या तिकडच्या, तामिळनाडूतल्या तिरुचेंगोडच्या, गिऱ्हाईक आपल्याकडचं. मामा, पानाड्याला उगा शिव्या देऊ नका. आमचा पानाड्या हातावर नारळ आडवा ठेवून रान चालतो, नारळ उभा राहिला की तिथं पॉइंट. माझ्या वहीत सगळं लिहून आहे. दहा बोअरला सहा-सात ठिकाणी कमीजास्त पाणी लागतंच. शिकलेल्या सायबानं वायरी टाकून, मशीन लावून दाखवलं तरी तेवढंच. सायेब पैसे जास्त घेतो, एवढाच फरक.

शंकासुर
अण्णांशी सहमत. शास्त्र पानाड्यापेक्षा सरस असेल तर आकडे दाखवा.

काळा कातळ
गेली चौदा वर्षं याच कामात आहे, एका स्वयंसेवी संस्थेत, म्हणून सविस्तर लिहिते. हातात चहा घेऊन वाचा.

अण्णा, तुमच्या वहीवर माझा पूर्ण विश्वास आहे. दहात सहा-सात हा आकडा पानाड्याचा नाही, जमिनीचा आहे. वरचा मुरूम आणि त्याखालचा झिजलेला खडक यांत आपल्याकडे बहुतेक ठिकाणी थोडं पाणी असतंच. डोळे मिटून काठी फेकली तरी दहात पाच-सहा वेळा ओल लागणार. परीक्षा असते उरलेल्या तीन-चार ठिकाणी. आणि खरी परीक्षा त्याहून पुढे: लागलेलं पाणी फेब्रुवारीत टिकतं का. तुमच्या वहीत "पाणी लागलं" एवढंच असणार. "तीन वर्षांनी काय झालं" हा रकाना आहे का? नसेलच, कारण तोवर गाडी पुढच्या गावाला गेलेली असते.

आता महाराष्ट्राच्या पोटात काय आहे ते. राज्याचा ऐंशी टक्क्यांहून जास्त भाग बेसॉल्टचा, म्हणजे सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी थरावर थर सांडलेल्या लाव्ह्याचा. हे थर म्हणजे चपातीचे पदर समजा. एका पदराचा वरचा भाग भोकाभोकांचा, फुटका (आमच्याकडे मांजऱ्या म्हणतात), खालचा भाग घट्ट काळा पाषाण. दोन पदरांच्या मध्ये कधी लाल गेरूसारखा मातीचा थर. पाणी राहतं ते मुरमात, मांजऱ्यात, पाषाणाच्या भेगांत आणि दोन पदरांच्या सांध्यात. पंजाबसारखी शेकडो फूट वाळू इथे नाही. त्यामुळे "खोल गेलं की पाणी लागतंच" हे आपल्याकडे चालत नाही. सहाशे फुटांवर एखादी फट लागली तर लागली. लागली तरी त्या फटीत पाणी भरायला वरून वाट हवी, नाहीतर दोन उन्हाळ्यांत ती कोरडी.

एक हिशेब देते, तो गावात सांगितला की माणसं गप्प होतात. आपल्या खडकातून मोकळं होऊन मिळणारं पाणी त्याच्या आकारमानाच्या साधारण दोन टक्के. म्हणजे एक हेक्टर जमिनीखाली पातळी एक मीटर उतरली तर हाती आलं दोनशे घनमीटर, दोन लाख लिटर. दहा हजार लिटरचे वीस टँकर. एक हेक्टर ऊस वर्षाला दीड ते दोन कोटी लिटर पाणी पितो. भागाकार तुम्हीच करा. ७५ ते १०० मीटर येतं. पावसाचं मुरलेलं पाणी धरलं तरी सहाशे मिलिमीटरच्या गावात हेक्टरी पाच-सहा लाख लिटरच्या पुढे फारसं जात नाही. मग तो ऊस कुणाचं पाणी पितो? शेजाऱ्याचं. आणि शेजारी त्याचं.

पाणी सांगणं हे आमच्या कामाचं टोक आहे. मुख्य काम किती आहे ते मोजणं आणि ते कसं वाटायचं हे लोकांबरोबर बसून ठरवणं.

लिंबूटिंबू
चपातीचे पदर वाचून भूक लागली. मांजऱ्या म्हणजे जाळीदार भाकरी का मग?

काळा कातळ
हो, आणि पाषाण म्हणजे सासूने केलेली.

रिगवाले अण्णा
रकान्याचं बोललात ते खरंय सर. तो रकाना नाही. गिऱ्हाईकच फोन करून सांगतं, तेही शिव्या देत.

काळा कातळ
सर नाही, ताई. गावात पण असंच होतं. जीपमधून उतरले की विचारतात, "सायेब मागं येतायत का?"

संत्राबाग
आमच्या वरूड-मोर्शीकडं या, मंग समजते खोल गेल्यावर का होते ते. संत्र्यापायी बोअर घेत घेत गेलो, बापानं शंभर फुटावर पाणी पाहिलं, मी हजारच्या जवळ गेलो. सरकारदप्तरी अतिशोषित, लोकं म्हणतात ड्राय झोन. उन्हाळ्यात टँकरनं बाग वाचवाची, नाई वाचली तं कुऱ्हाड. मुलीले शिकू द्या मामा. वीस वर्षांआधी आमाले कोणी थांबवणारं असतं तं बरं झालं असतं. पण खरं सांगू का, थांबलो नसतो.

माजी भूवैज्ञानिक
आपला धागा पाहून राहवले नाही. मी शासकीय सेवेतून वरिष्ठ पदावर निवृत्त झालो आहे. मामांना थोडी पार्श्वभूमी सांगतो.

१९७२च्या दुष्काळात राज्याला प्रथम जाणवले की जमिनीखाली किती पाणी आहे याचा पद्धतशीर हिशेबच आपल्याकडे नाही. त्याच वर्षी भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा सुरू झाली, मुख्यालय पुणे. केंद्राचे केंद्रीय भूजल मंडळ त्याआधी दोन वर्षे, १९७०चे. आज राज्य दीड हजारांहून जास्त पाणलोट क्षेत्रांत विभागून दर ठराविक काळाने त्यांचा ताळेबंद मांडतात: पावसातून किती मुरले, उपसा किती. उपसा सत्तर टक्क्यांच्या आत असेल तर सुरक्षित, नव्वदपर्यंत अंशतः शोषित, शंभरपर्यंत शोषित, त्यापुढे अतिशोषित. या शब्दांवर विहिरींची कर्जे, अनुदाने अडतात किंवा सुटतात, म्हणून तालुक्याचे पुढारी आमच्याकडे "तेवढा रंग बदला" म्हणून येत. नकाशावरचा लाल रंग हो.

हा सगळा डोलारा कशावर उभा आहे माहीत आहे? टेपवर. ठरलेल्या निरीक्षण विहिरींची पातळी वर्षातून चार वेळा मोजायची: पावसाळा संपला की, जानेवारीत, मार्चमध्ये आणि मे महिन्यात. माझी पहिली तीन वर्षे यातच गेली. पोलादी टेपच्या शेवटच्या दोन हातांना खडू फासायचा, विहिरीत सोडायचा, वर ओढून खडू कुठपर्यंत भिजला ते पाहायचे. वरचा आकडा वजा ओला आकडा, झाली पातळी. पुढे डिपर आले, पाण्याला टेकले की बीप वाजते. पण डिपरची बॅटरी नेमकी शेवटच्या विहिरीवर संपते, म्हणून निवृत्तीपर्यंत माझ्या पिशवीत खडू होता.

एका देवळामागची विहीर मी सलग अकरा वर्षे मोजली. तिथल्या पुजारीणबाई मला पाहिले की विचारायच्या, "काय रे, किती उतरलं?" २०१६च्या मे महिन्यात, ज्या उन्हाळ्यात लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी नेले, टेप तळाला टेकला आणि खडू कोरडा वर आला. बाई काही बोलल्या नाहीत. नोंदवहीत मी "कोरडी" लिहिले.

मामा, नोकरी म्हणून वाईट नाही. मात्र भरती अनियमित असते, जागा थोड्या, आणि जाहिरात निघेपर्यंत वय निघून जाते. तेवढे धरून चाला.

शंकासुर
अकरा वर्षं विहीर मोजून शेवटी काय केलंत? नोंद. माझा मुद्दा तोच आहे. मोजणारे मोजत बसतात. काम केलं कुणी? हिवरे बाजारने केलं, तिथे कुठे हायड्रोजिऑलॉजिस्ट होते? शिरपूरला नाले खोल-रुंद केले, पाणी आलं. करणारे करून गेले.

माजी भूवैज्ञानिक
शिरपूरचे काम ज्यांच्या नावाने ओळखले जाते ते सुरेश खानापूरकर आमच्याच यंत्रणेतून निवृत्त झालेले भूवैज्ञानिक. उदाहरण उलटले की हो, शंकासुर.

लिंबूटिंबू
पॉपकॉर्न घेऊन बसलोय.

काळा कातळ
शंकासुर, हिवरे बाजारचं थोडं नीट बघा. तिथली बंधाऱ्यांची, चरांची कामं सगळे सांगतात. पण त्यासारखी कामं शेकडो गावांत झालीत आणि तिथे टँकर चालू आहेत. फरक पडला तो शेतीसाठी बोअर बंद, ऊस-केळी नको आणि दरवर्षी पाऊस किती झाला ते मोजून ग्रामसभेत पिकं ठरवायची, यामुळे. तो पाण्याचा ताळेबंद म्हणजेच भूजलशास्त्र. पदवी लागत नाही म्हणून ते शास्त्र नाही असं थोडंच आहे?

शिरपूर पॅटर्नचं अडतं ते नकलेत. तिकडे तापीच्या बाजूला गाळाचा जाड थर आहे. तेच यंत्र आणून आमच्या बेसॉल्टमध्ये कुठलाही नाला तासला की कधी मुरूमच उडतो, म्हणजे ज्यात पाणी साठायचं तेच उचलून ट्रॉलीत भरून विकलं. मग नाल्यात पाषाण उघडा, त्यावर पाणी उभं. फोटो छान येतो, उन्हात ते पाणी उडून जातं. हे मी एका गावात डोळ्यांनी पाहिलंय. सांगायला गेले तर "ताई, निधी मार्चमध्ये संपवायचाय."

कुठे खोदायचं नाही हे सांगायला माणूस लागतो. त्या माणसाचं ऐकलं जात नाही, हा वेगळा विषय.

कायद्याचं बोला
अवांतर. महाराष्ट्र भूजल (विकास व व्यवस्थापन) अधिनियम, २००९. लागू १ जून २०१४ पासून. शेती वा उद्योगासाठी ६० मीटर किंवा त्याहून खोल विहीर घ्यायला बंदी. मामांच्या मेहुण्यांचा ६०० फुटी बोअर १८० मीटरच्या वर जातो. नाव-गाव लिहू नका.

तिसरा मामा
अरे देवा. सिन्नर तालुका मोठा आहे हो.

रिगवाले अण्णा
कायद्यानं चाललो तर गाडीचा हप्ता कोण भरणार? दोनशे फुटावर गिऱ्हाईकच थांबत नाही. मी म्हणतो थांबू, मालक म्हणतो अजून शंभर मार. चारशेच्या पुढं माणूस जुगारात असल्यासारखा होतो. बायको मागं उभी, पोरं बघतायत, कॉम्प्रेसरच्या आवाजात ओरडून सांगतोय "मार, मार". रात्री तीन वाजता धूळच येत असते. लई वेळा बघितलंय. पैसे मोजून घेताना हात जड होतो, खोटं नाही बोलत.

काळा कातळ
अण्णा, हा प्रतिसाद मी आमच्या प्रशिक्षणात वाचून दाखवणार. परवानगी आहे ना?

रिगवाले अण्णा
दाखवा. नंबर नका देऊ.

परीक्षांचा वारकरी
विषयावर येऊ या. भाचीताईंसाठी नेमकी माहिती देतो, मी स्वतः यूपीएससीची परीक्षा दोनदा दिली आहे (निकालाचं विचारू नये).

यूपीएससी दरवर्षी संयुक्त भू-वैज्ञानिक परीक्षा घेते. एम.एस्सी. लागते, वय २१ ते ३२, राखीव प्रवर्गांना सवलत. तीन टप्पे: पूर्वपरीक्षा, मुख्य, मुलाखत. यातूनच भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाचे भूवैज्ञानिक आणि केंद्रीय भूजल मंडळाचे 'सायंटिस्ट बी' हायड्रोजिऑलॉजिस्ट निवडले जातात. मुख्य परीक्षेचे पहिले दोन पेपर सामायिक, तिसरा हायड्रोजिऑलॉजीचा वेगळा. वेतनस्तर १०, मूळ पगार ५६,१००, वर भत्ते. मेहुण्यांना हा आकडा मोठ्या अक्षरात छापून द्या. राज्यातली पदं एमपीएससीतून, पण वर काकांनी म्हटलंय तसं, जाहिरात कधी निघेल ते पंचांगातही नाही.

एम.एस्सी.साठी पुणे आणि नागपूर विद्यापीठांत भूविज्ञान आहे. जॅम (आयआयटींची एम.एस्सी.ची प्रवेशपरीक्षा) देऊन आयआयटी, मुंबईला अप्लाइड जिऑलॉजी. रुरकीला तर जलविज्ञानाचा स्वतंत्र विभाग. गणिताला घाबरत असेल तर आत्ताच सांगा, पुढे डिफरन्शियल इक्वेशन्स येतात.

पर्थची पमी
उशिरा आले, इथे सकाळ आहे. मी मूळची कराडची, आता पश्चिम ऑस्ट्रेलियात हायड्रोजिऑलॉजिस्ट. इकडे काम अगदी उलटं आहे. पिलबारात लोखंडाच्या खाणी भूजलपातळीच्या खाली गेल्यात, त्यामुळे खाण कोरडी ठेवायला पाणी उपसून काढावं लागतं. मी रोज लाखो लिटर पाणी बाहेर कसं काढायचं ते ठरवते, आणि रविवारी फोनवर बाबा सांगतात की नळाला चार दिवसांनी पाणी आलं. पहिली दोन वर्षं मला ह्याने झोप लागायची नाही.

रोटा आठ दिवस साइटवर, सहा दिवस घरी, विमानाने येजा. पैसे चांगले. बायका आहेत, पुष्कळ. काम बोअरवर कमी आणि मॉडेलवर (जमिनीखालच्या पाण्याची संगणकातली नक्कल) जास्त: मॉडफ्लो नावाचं अमेरिकन भूसर्वेक्षणाचं फुकट सॉफ्टवेअर, जगभर तेच चालतं. भाचीला म्हणावं ते आत्ताच उतरवून घे आणि सोबत थोडं पायथन शिक. पण मॉडेलला खायला घालायला शेवटी कुणीतरी मोजलेले आकडे लागतात. निवृत्त काकांचा प्रतिसाद वाचून डोळ्यांत पाणी आलं. इथल्या माझ्या साहेबाला भाषांतर करून ऐकवला. तो म्हणाला, आमच्याकडे अकरा वर्षं एकाच माणसाने मोजलेली एक तरी विहीर आहे का बघायला हवं.

लिंबूटिंबू
पमीताई, उपसलेलं पाणी पाइपने सिन्नरला सोडता येईल का? मामा कॅसिंगचे पैसे देतील.

आकडेमोड
एक शंका. उपग्रहावरून भूजल मोजतात म्हणे. आता एआय पण आलं. पाच वर्षांत ही नोकरी राहील का?

काळा कातळ
मोजतात. ग्रेस नावाची उपग्रहांची जोडी २००२ला गेली, तिने गुरुत्वाकर्षणातल्या बारीक फरकांवरून पाण्याचं वजन मोजलं. पंजाब-हरियाणा-राजस्थान पट्ट्यातलं भूजल कसं आटतंय ते २००९ला 'नेचर'मध्ये आलं, जगभर गाजलं. पण तिची नजर लाखो चौरस किलोमीटरची. मेहुण्यांच्या विहिरीत किती पाणी आहे ते तिला दिसत नाही. जगात सर्वांत जास्त भूजल उपसणारा देश आपला, वर्षाला सुमारे २४० अब्ज घनमीटर, आणि तो उपसा होतो कोट्यवधी छोट्या विहिरी-बोअरमधून. प्रत्येकाचा मालक वेगळा, स्वभाव वेगळा. एआयने त्यांची ग्रामसभा घेऊन दाखवावी, मी सुखाने निवृत्त होईन.

आता मेहुण्यांचा झेपण्याचा प्रश्न. लपवत नाही, त्रास होतो. दिवसभर रानात, स्वच्छतागृह नाही, म्हणून सुरुवातीची वर्षं पाणी कमी प्यायचे. पाण्याच्या कामात राहून! मग किडनी स्टोन झाला तेव्हा अक्कल आली. आता पहिल्या दिवशीच गावातल्या एखाद्या घरी ओळख काढते.

आणि पंपिंग टेस्ट. विहिरीवर पंप लावून एकसारखं पाणी उपसायचं आणि पातळी कशी उतरते ते मोजायचं: पहिल्या मिनिटाला, दुसऱ्या, तिसऱ्या, मग पाच-पाच, दहा-दहा मिनिटांनी, पंप बंद केला की चढताना पुन्हा तसंच. त्यावरून जलधर, म्हणजे पाणी धरून ठेवणारा खडक, किती पाणी किती सहज सोडतो ते काढता येतं. शेतीची वीज आमच्याकडे रात्रीची आठ तास, म्हणून टेस्ट रात्री. जानेवारी, थंडी मरणाची. मी डिपर धरून, सहकारी वहीत आकडे लिहितोय, मालकाची आई शेकोटीजवळ बसून दर तासाला चहा देतेय. ३४० मिनिटं झाली, आलेख सुंदर येत होता, आणि वीज गेली. पाच मिनिटांत आली, पण टेस्ट मेली, कारण मधल्या वेळात पाणी चढलं. मी तिथेच मटकन बसले. आजी म्हणाली, "रडू नको बाई, विहीर कुठं जातीय? उद्या परत उपस." दुसऱ्या रात्री परत केली. मालक पहिल्या रात्री झोपायला गेला होता, दुसऱ्या रात्री तो स्वतः डिपर धरून बसला, कारण पहिल्या रात्रीचे आकडे सकाळी त्याला दाखवले होते. पाणी किती वेगाने उतरतं आणि किती मंद चढतं हे त्याने स्वतःच्या विहिरीत पहिल्यांदाच आकड्यांत पाहिलं. त्या वर्षी त्याने कांद्याचं क्षेत्र अर्ध्यावर आणलं. मी तसं सांगितलं नव्हतं.

पगाराचं: स्वयंसेवी संस्थेत सरकारीच्या निम्मा धरा, कधी त्याहून कमी. प्रकल्प संपला की धाकधूक. खाजगी सल्लागाराचं काम वाढतंय, देशातल्या बहुतेक राज्यांत उद्योगांना भूजल उपसायला केंद्रीय भूजल प्राधिकरणाचा दाखला लागतो, त्याचे अहवाल लिहायचे. पैसे बरे मिळतात. मी एक वर्ष केलं. अहवालाचा निष्कर्ष गिऱ्हाईकाला आधीच माहीत असतो, म्हणून सोडलं. सगळीकडे असंच असेल असं नाही.

शंकासुर
कांद्याचं आवडलं. बाकी मतभेद कायम, पण "करणारे आणि मोजणारे" हे माझं वाक्य मागे घेतो. अर्धं.

संत्राबाग
ताई, आमच्याकडं या एक डाव टेस्ट कराले. चहा नाई, संत्र्याचा रस देतो. असला तं.

यवतमाळची सून
पाणी किती यावरच सगळे बोलतायत, कसं याचं कुणी बोललं नाही. माझ्या सासरच्या भागात हापशाच्या पाण्यात फ्लोराईड. जावेच्या मुलाचे दात पिवळे-तपकिरी, सासऱ्यांना मणका वाकवता येत नाही, आम्हाला वाटायचं वय झालं. तपासणीला आलेल्या मुलीने हापशाला लाल रंग मारला आणि कुठला वापरायचा ते दाखवलं. ती भूविज्ञानच शिकलेली होती. अकोल्याकडे पूर्णेच्या खोऱ्यात तर विहिरीला पाणी असून खारट, खारपाणपट्टा. मामा, भाचीला रसायनशास्त्र आवडत असेल तर या बाजूलाही काम आहे.

माजी भूवैज्ञानिक
अतिशय योग्य मुद्दा. माझ्या लिखाणातून सुटला होता.

तिसरा मामा
धागा वर काढतोय, तीन आठवडे झाले. सर्वांचे आभार. भाचीने धागा तीनदा वाचला आणि बहिणीला वाचून दाखवला. मेहुण्यांनी वाचला नाही, पण ५६,१०० हा आकडा त्यांच्या कानावर गेलाय. जॅमचा अर्ज भरायचं ठरलंय, सोबत बँकेचीही परीक्षा द्यायची, हा तह.

सांगायचं दुसरंच आहे. भाची दिवाळीला घरी आली तेव्हा दोरीला वजन बांधून घरची जुनी विहीर मोजली. काठापासून ६ मीटर ४० सेंटिमीटर. गोठ्याच्या भिंतीवर कोळशाने तारीख घालून लिहिलं आणि कॉलेजला परत गेली. काल रात्री मेहुण्यांचा मला फोन. इकडचं तिकडचं बोलले, मग म्हणाले, "ते विहिरीचं मोजतात ते काठ कुठला धरून? पूर्वेचा काठ आणि पायऱ्यांचा काठ यांत वीतभर फरक आहे. मी आज मोजलं तर पाणी वाढलेलं दाखवतंय, आणि मी तर रोज उपसतोय." भाचीला का विचारत नाही म्हटलं, तर फोन ठेवला.

माजी भूवैज्ञानिक
पायऱ्यांचा धरा, तिथे टेप सरळ उतरतो. आणि ज्या दगडावर टेप टेकवाल त्यावर तांबड्या ऑइलपेंटने बाण काढून ठेवायला सांगा. कोळसा पावसात जाईल. भाचीने दिवाळीत कुठून मोजले तेही तिला विचारून घ्या, म्हणजे पहिली नोंद वाया जाणार नाही.